शिवलेली वही आणि छापलेलं कार्ड, दोघांचा हिशेब वेगळा

नाशिकच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्या नोकरी सांभाळून चित्रं काढतात. त्या चित्रांची पोस्टकार्डं, बुकमार्क, टेबल कॅलेंडर करतात आणि हाताने शिवलेल्या वह्याही विकतात. दीड वर्ष झालं, इन्स्टाग्रामवर ऑर्डरी बऱ्या येतात, दोन प्रदर्शनं झाली, पण महिनाअखेर हातात काही उरत नाही. भाव कसा लावायचा, हातकागद वापरावा का, प्रदर्शन परवडतं का, बाहेरची चित्रकामं घेताना काय बघायचं, जीएसटीचं काय आणि नोकरी सोडावी का? शिवाय जाता जाता एक घरगुती प्रश्न: आतेबहिणीला संक्रांतीच्या वाणासाठी ५० वह्या हव्यात, ‘घरच्या भावात’.

मी पुण्यात अकरा वर्षं हेच करते आहे. पहिली तीन वर्षं माझंही असंच चाललं होतं. विक्री दिसायची, पैसे दिसायचे नाहीत. चित्रं वाईट नव्हती आणि गिऱ्हाईकही कंजूष नव्हतं. मी हाताने होणारी वस्तू आणि छापून होणारी वस्तू एकाच तराजूत घालत होते, तिथे घोटाळा होता. तुमच्या प्रश्नात मला तोच दिसतो, म्हणून आधी त्याबद्दल.

तुमची ए-फाइव्ह आकाराची ९६ पानी वही तुम्ही २५० रुपयांना विकता. तिचा खर्च मी माझ्याकडच्या दराने मांडते, तुमच्या गावचे दर घालून पुन्हा मांडा. आतले २४ ए-फोर कागद ३० रुपये, मुखपृष्ठाची छपाई आणि लॅमिनेशन ३५, कप्पा बोर्ड (मुखपृष्ठाचा जाड पुठ्ठा) १२, अस्तराचा कागद, दोरा, खळ मिळून १३, पाकीट आणि स्टिकर १५. झाले १०५. इथपर्यंत सगळे लिहितात, आणि १४५ रुपये सुटले असं समजून खूश होतात. मीही व्हायचे. मग एकदा घड्याळ लावून बसले. घड्या घालणं, जुज (दुमडलेल्या पानांचे गठ्ठे) लावणं, टोच्याने भोकं पाडणं, शिवणं, पुठ्ठा चढवणं, दाबाखाली ठेवणं हे सगळं धरून एका वहीला ७० मिनिटं लागली. तासाला १२० रुपये, म्हणजे हाताखाली एखादी शिकाऊ मुलगी ठेवली तर तिला जे द्यावे लागतील तेवढेच धरले तरी १४० रुपये. एकूण २४५. तुमच्या वहीत पाच रुपये उरतात. वीसातली एक वही वाकडी शिवली जाते किंवा खळीचा डाग पडतो, त्यात तेही जातात. आणि दुकानात ठेवायची म्हटलं तर दुकानदार ४० टक्के ठेवून तुम्हाला १५० देणार. म्हणजे वहीबरोबर तुम्ही त्याला ९५ रुपयेही देऊन येता.

आता कार्डाकडे बघा. डिजिटल प्रेसवर १३ बाय १९ इंची कागद चालतो, त्यावर १२ बाय १८ची छपाई धरा. चार बाय सहाची नऊ कार्डं त्यात चपखल बसतात, पण चित्राचा रंग कडेपर्यंत न्यायचा तर कापणीसाठी चारी बाजूंनी ३ मिलिमीटर चित्र जास्त लागतं, मग नऊ बसत नाहीत. म्हणून माझी कार्डं पावणेचार बाय पावणेसहा इंच असतात. कोणी कधी मोजून पाहिलं नाही, आणि एका कागदात नऊच्या नऊ निघतात. ३०० जीएसएमच्या, म्हणजे चांगल्या जाड, एका कागदाला मला ३६ रुपये पडतात, कापणी ४, पाकीट १०. नऊ कार्डांचा संच ५० रुपयांत तयार होतो. तो मी २४० ला विकते. दुकानदाराने ४० टक्के घेतले तरी माझ्याकडे १४४ येतात, ९४ सुटतात. हात लागतो तो तीन मिनिटं, पाकिटात भरायला.

पण चित्रं? नऊ चित्रांना प्रत्येकी सहा तास, म्हणजे ५४ तास. चित्राचा तास शिवणीच्या तासाएवढा स्वस्त धरू नका, मी ३०० धरते. झाले १६,२०० रुपये. हा खर्च एका संचाचा नाही, तो भांडवल आहे, शिलाईच्या यंत्रासारखं. ३०० संच विकायचे ठरवले तर संचामागे ५४ रुपये. म्हणजे ९४ मधले ५४ चित्राचे, ४० नफ्याचे, आणि तीनशेएकाव्या संचापासून सगळे ९४ माझे. माझं पेठेतल्या वाड्यांचं एक जुनं चित्र आहे, त्याची मजुरी केव्हाच फिटली, ते अजून विकलं जातंय. शिवलेली वही मात्र दोनशेवी असली तरी ७० मिनिटंच घेते. हात सरावतो, तेव्हा ६० होतात. त्याखाली मी कधी आले नाही.

म्हणून सल्ला असा, की छापील वस्तूंवर घर चालवा आणि हाताच्या वस्तूंवर नाव कमवा. शिवलेली वही बंद करू नका, तिचा भाव ४८०च्या आसपास न्या, तीही फक्त ऑर्डर आल्यावर करा, दुकानात ठेवू नका. जोडीला ४८ पानी, मध्ये पिन मारलेली वही काढा. मुखपृष्ठ तेच, तुमचं चित्र तेच, भाव १२०. छापखानाच पिन मारून, कापून देतो. ‘पण मग ती हाताने केलेली राहत नाही’ असं तुम्ही म्हणाल. नाही राहत. तसं लिहूही नका. चित्र हाताने काढलंय, वही छापखान्यात झालीय, हे सरळ लिहिलं तर गिऱ्हाईक बिचकत नाही. ४८० रुपयांची वही शेजारी असल्यामुळे १२० ची पटकन उचलली जाते, हा माझा टेबलावरचा अनुभव आहे.

छपाईबद्दल दोन गोष्टी, कारण बहुतेकांचे पैसे इथेच जातात. स्क्रीनवरचा पोपटी आणि राणी रंग कागदावर उतरत नाही. स्क्रीन प्रकाशाने रंग दाखवते, छापखाना चार शाईंनी, आणि त्या चार शाईंत तो झगझगीतपणा नसतो. चित्र काढतानाच सीएमवायके, म्हणजे त्या चार शाईंची रंगपद्धत, ठेवा, आणि पूर्ण ऑर्डर देण्याआधी त्याच कागदावर एक प्रूफ काढून घ्या. शंभर रुपये वाचवायला गेले आणि एकदा २०० कार्डांवरचे राघू शेवाळी रंगाचे झाले. छापखान्याची चूक नव्हती, माझीच होती.

दुसरं, ऑफसेटच्या, म्हणजे प्लेट करून मोठ्या संख्येने छापण्याच्या, स्वस्ताईला भुलू नका. प्लेटचा खर्च एकदाच असल्यामुळे १,००० प्रती छापल्या की नगाचा दर निम्म्याच्याही खाली येतो, आणि आपल्याला वाटतं लॉटरी लागली. मी एका वर्षी टेबल कॅलेंडरच्या ५०० प्रती ऑफसेटवर काढल्या. विकल्या गेल्या १९०. कॅलेंडर हा नाशवंत माल आहे, भाजीसारखा. दिवाळीत ताजा, नाताळात ठीक, १० जानेवारीनंतर फुकट दिला तरी लोक ‘राहू दे’ म्हणतात. उरलेल्यांचे पुठ्ठे पुढची दोन वर्षं मी पार्सलांत टेकू म्हणून वापरले आणि आईने स्वयंपाकघरातले खण अस्तरून घेतले. आणि कॅलेंडर करणारच असाल तर लक्षात ठेवा, मराठी घरातल्या भिंतीवरची जागा १९७३ पासून कालनिर्णयने धरून ठेवली आहे. तुमचं कॅलेंडर टेबलावरच जाणार. तरीही त्यात संकष्टी आणि एकादशी दाखवा. नसेल तर बायका हातात घेतात, पान उलटतात आणि ठेवून देतात. त्या तारखा पंचांगावरून दोनदा तपासून घ्या. चित्र कसंही असलं तर चालतं, चुकलेली संकष्टी कोणी माफ करत नाही.

हातकागदाबद्दल तुम्ही विचारलंय. पुण्यात शिवाजीनगरला १९४० सालची हातकागद संस्था आहे, तिथला सुती चिंध्यांपासून केलेला कागद हातात घेतला की सोडवत नाही. मीही तिथूनच सुरुवात केली. पण तो कागद सगळीकडे सारख्या जाडीचा नसतो, त्याचे तंतू सुटतात, आणि बरेच छापखानेवाले तो आपल्या मशीनमध्ये घालायला नाही म्हणतात, त्यांचंही बरोबर आहे. त्यावर हाताने रंगवा, स्टॅम्प मारा, लिनोकट छापा किंवा स्क्रीन प्रिंटिंग करून घ्या. मुखपृष्ठाला वापरा. आतल्या पानांना फाउंटन पेनवाले गिऱ्हाईक असेल तर आधी शाई फुटते का बघा, नाहीतर परत घेऊन येतात.

पावसाळ्यात शिवायचं काम शक्य तितकं कमी ठेवा. जूनपासून खळ वाळत नाही, कप्पा बोर्ड कमान टाकतो आणि बंद कपाटात बुरशी धरते. कागदाचा ग्रेन, म्हणजे त्याच्या तंतूंची दिशा, वहीच्या कण्याला समांतर ठेवला तर वाकणं बरंच कमी होतं. ए-फोर मधोमध दुमडून वही करताना नेमका तो आडवा येतो, कारण बाजारातल्या बहुतेक ए-फोरचा ग्रेन लांबीच्या दिशेने असतो. मोठा कागद घेऊन आपल्या हिशेबाने कापून घ्या. मी ते चार महिने चित्रांना देते. दिवाळी अंकांची चित्रकामंही साधारण त्याच सुमारास येतात, तेव्हा ते जमूनही जातं.

आता प्रदर्शन. माझ्या शेवटच्या दोन दिवसांच्या प्रदर्शनाचा खर्च असा होता: टेबलाचं भाडं ६,०००, टेम्पो ८००, मदतनीस १,०००, खाणंपिणं ३००. एकूण ८,१००. माझ्या मालावर सरासरी शंभरातले ५५ सुटतात. म्हणजे नुसतं बरोबरीला यायला १४,७०० ची विक्री हवी. सरासरी बिल २२० रुपयांचं, तर ६७ गिऱ्हाइकं. त्यामुळे फॉर्म भरण्याआधी मी स्वतःला एकच विचारते, या हॉलमध्ये दोन दिवसांत माझ्या टेबलाशी थांबून पैसे काढणारी ६७ माणसं येतील का? संयोजक ‘हजारो लोक येतात’ म्हणतात, आणि येतातही, पण ती कुर्ते आणि लोणची घ्यायला. त्याच प्रदर्शनाला आदल्या वर्षी गिऱ्हाईक म्हणून जा. लोकांच्या हातातल्या पिशव्या बघा. कागदी वस्तू विकणाऱ्या एखाद्या स्टॉलवालीला शेवटच्या दिवशी संध्याकाळी गाठून विचारा, तेव्हा माणूस दमलेला असतो आणि खरं बोलतो.

टेबलावर भाव ठळक लिहून ठेवा. आपल्याकडे कितीतरी लोक भाव विचारायला संकोचतात आणि ‘एक चक्कर मारून येते’ म्हणून निघून जातात. ती चक्कर कधी संपत नाही. वस्तू सपाट मांडू नका, पाटावर, खोक्यावर उंच करा, चित्र डोळ्यांसमोर आलं पाहिजे. तळघरातल्या हॉलमध्ये फोनला रेंज नसते आणि यूपीआय अडकतं, तेव्हा सुट्टे बाळगा. आणि ‘हे काय, मी घरीसुद्धा करीन’ म्हणणाऱ्या बाई प्रत्येक प्रदर्शनात असतात. मी त्यांना हसून ‘नक्की करा, कागद कुठे मिळतो सांगू का’ म्हणते. त्यातल्या दोघी आज माझ्या नेहमीच्या गिऱ्हाईक आहेत.

तुमच्या फोटोंत वारली चित्रांचे कोस्टर दिसले, म्हणून न विचारलेलं बोलते. वारलीला २०१४ पासून भौगोलिक मानांकन आहे. त्याआधीपासून ती डहाणू, तलासरी, जव्हारच्या पाड्यांवरच्या लग्नघरांची आहे, गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेला चौक आणि त्यात पालघाट देवी. जिव्या सोमा म्हसेंना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली ती या कलेसाठी. त्रिकोणी माणसं नक्कल करायला सोपी, म्हणून आपण सगळे ती कपांवर, कीचेनवर उतरवतो आणि खाली ‘वारली आर्ट’ लिहितो. मीही केलं आहे. आता करत नाही. त्या भागातल्या एका चित्रकाराकडून चित्रं घेते, त्याच्या नावासकट छापते, आणि दर विक्रीमागे ठरलेला वाटा देते. तुमच्या स्वतःच्या गोदाकाठच्या चित्रांपुढे ते कोस्टर तसेही फिके आहेत.

बाहेरची चित्रकामं घेताना बहुतेकांना माहीत नसलेली एक गोष्ट कॉपीराइटच्या १९५७ च्या कायद्यात आहे. आपण धरून चालतो की चित्र मी काढलं म्हणजे हक्क माझा. पण कलम १७ म्हणतं, कोणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन पेंटिंग किंवा पोर्ट्रेट काढलं आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक पैसे देणारा. म्हणजे गप्प बसलात तर हक्क तुमच्या हातून जाऊ शकतो. माझं असं एक पोस्टरचं चित्र पुढे पिशव्यांवर, मगांवर दिसलं, आणि माझ्याकडे दाखवायला एक ओळही नव्हती. तेव्हापासून काम लहान असो की मोठं, एक पानी करार होतो आणि त्यावर दोघांच्या सह्या असतात: हक्क चित्रकाराकडे, वापर कशासाठी, किती वर्षं, कुठे. हक्क लिहून दिलाच आणि मुदत लिहिली नाही तर कायदा ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर भारत. चित्रावर आपलं नाव असण्याचा हक्क कलम ५७ प्रमाणे तुमच्याकडेच राहतो, हक्क विकल्यावरसुद्धा. सोबत निम्मे पैसे आधी, दुरुस्त्या दोनदा, तिसरीचे वेगळे. ओळखीच्या माणसाकडूनही. खरं तर ओळखीच्याकडूनच आधी.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करून टाका. ती सरकारी पोर्टलवर फुकट होते, पैसे मागणारी संकेतस्थळं सरकारी नाहीत. तिचा उपयोग पैसे अडकल्यावर कळतो. नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचे पैसे खरेदीदाराने जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात, लेखी ठरलेलं नसेल तर १५ दिवसांत. दिवाळी भेटींची ऑर्डर देऊन होळीपर्यंत थांबवणाऱ्या एका ऑफिसला मी बिलावर हे एक वाक्य छापून पाठवलं, आठवड्यात पैसे आले.

जीएसटीत वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही, हा आकडा ऐकून लोक निर्धास्त होतात. महाराष्ट्रात ती मर्यादा फक्त माल विकणाऱ्यांना आहे. तुम्ही मालाबरोबर चित्रकामाची सेवाही देता, म्हणून तुमची मर्यादा २० लाख. त्याहून महत्त्वाचं म्हणजे बंगळुरूच्या गिऱ्हाइकाला पार्सल पाठवलं की तो राज्याबाहेरचा व्यवहार होतो, आणि मालाच्या बाबतीत तिथे उलाढाल कितीही कमी असली तरी नोंदणी लागते. सूट आहे ती ठरावीक यादीतल्या हस्तकलेच्या वस्तूंना, २० लाखांपर्यंत. म्हणजे इथेही हाताचं आणि छापलेलं वेगळं झालंच. छापील पोस्टकार्ड हस्तकला म्हणून चालेल असं गृहीत धरू नका. तुमच्या वस्तूंची यादी घेऊन एकदा सीएकडे अर्धा तास बसा, त्याची फी देणं परवडतं.

नोकरी सोडायचं विचारताय, तर आत्ता नको. माझ्या वहीखात्यात ऑक्टोबर ते जानेवारी या चार महिन्यांत वर्षाची निम्म्याहून जास्त विक्री होते. पितृपक्षात फोन वाजत नाही, एप्रिल-मेमध्ये मुंजी-लग्नांच्या पत्रिका तेवढ्या तगवतात. तुमचं दीड वर्ष म्हणजे एखादीच पूर्ण दिवाळी, तीही चुकीच्या भावांची. नवे भाव लावून दोन दिवाळ्या काढा. मधल्या जून ते ऑगस्टमध्ये स्वतःच्या मजुरीसकट घरखर्चाला किती पुरतं ते बघा. त्या तीन महिन्यांचा आकडा तुम्हाला उत्तर देईल, डिसेंबरचा आकडा मात्र फसवतो.

राहिली आतेबहीण. ५० शिवलेल्या वह्या म्हणजे ५८ तास, तेही संक्रांतीच्या तोंडावर, जेव्हा तुमच्या हाताला क्षणाची फुरसत नसते. तिला पिनेच्या वहीचा नमुना दाखवा, मुखपृष्ठावर हलव्याच्या दागिन्यांचं एक चित्र काढून द्या आणि ५० नगांना दुकानदाराचा भाव लावा, नगाला ७२ रुपये. तो घरचाच भाव आहे. वाण घेऊन जाणाऱ्या ५० बायकांच्या घरी तुमची वही पोहोचेल, शेवटच्या पानावर फोन नंबर छापायला विसरू नका. रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवं चालतात, तेव्हा २० वह्या जास्तीच्या छापून ठेवा. तिच्या शेजारणी मागतीलच. आणि निम्मे पैसे आधी घ्या, तिच्याकडूनसुद्धा.